लेक घरी चिवचिवते, शाळेत मात्र तोंडातून शब्द नाही – खेळातून काही करता येईल का?

जुळे_सोलापूर_आई | ८ जुलै

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

माझी लेक पावणेचार वर्षांची. घरात तिला चिमी म्हणतो. जूनमध्ये नर्सरीत घातलं. घरी दिवसभर तिची टकळी चालू असते. आजीच्या, माझ्या, शेजारच्या काकूंच्या चपला एका रांगेत मांडते आणि त्यांची हजेरी घेते. "ए, खाली बस, डबा नंतर!" असं एखाद्या चपलेला रागावतेसुद्धा. म्हणजे वर्गात काय चालतं ते तिला सगळं कळतं. पण चौथा आठवडा लागला तरी बाईंनी तिचा आवाज ऐकलेला नाही. शूला जायचं असलं तरी सांगत नाही. दोनदा कपडे ओले करून आली.

बाई चांगल्या आहेत, पण वर्गात तीसच्या वर मुलं. परवा वहीत लिहून पाठवलं, "मुलगी फार लाजरी आहे, घरी तिला बोलती करा." घरी तर ती बोलतेच. मग मी काय करू?

रविवारी सोसायटीच्या बागेत नेलं. वाळूच्या ढिगापाशी चार-पाच मुलं खेळत होती. ही माझ्या ओढणीचं टोक धरून वीस मिनिटं नुसती उभी. मी म्हणत राहिले, जा ना, खेळ ना. ती अजूनच मागे सरली. एक काकू म्हणाल्या, "लाजाळूचं झाडच आहे की ओ ही!" त्या दिवसापासून बागेचं नाव काढलं की चिमी पलंगाखाली जाऊन बसते.

सासूबाई म्हणतात, वय वाढलं की सुटेल. नवरा म्हणतो, माझी बहीण पण अशीच होती. मला मात्र रात्री झोप लागत नाही. कुणी यातून गेलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा.

---

पार्कचौक | ८ जुलै

ताई, लेकरू माणसांत पडलं की शिकतं. आम्ही मंगळवार पेठेतल्या वाड्यात वीस-बावीस पोरं होतो, लाजायला जागाच नव्हती. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत वडील खांद्यावर घेऊन हिंडायचे. नंदीध्वजांच्या गर्दीत जो वाढला त्याला माणसाची भीती कशी वाटेल? रोज संध्याकाळी हुतात्मा बागेत न्या, मुलांत सोडा आणि तुम्ही लांब बसा. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी खेळेल. फार जपल्यानं मुलं अशी होतात. राग मानू नका, आजोबाच्या नात्यानं लिहिलंय.

---

होटगी_रोड | ८ जुलै

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, मी ते मूल होतो.

मला असंच सोडायचे. एका लग्नात मांडवाच्या मधोमध खुर्चीवर उभं केलं आणि "म्हण कविता" म्हणाले. मी साडेचार वर्षांचा असेन. समोरच्या माणसांचे चेहरे आज आठवत नाहीत, खुर्चीच्या पत्र्यावरचा निळा रंग आठवतो, कारण मी तेवढाच बघत होतो. तिसऱ्या दिवशी मूल रडायचं थांबतं हे खरं. पण भीती गेली म्हणून थांबतं की रडून उपयोग नाही हे कळलं म्हणून, ते बाहेरून दिसत नाही.

मला ज्यानं बाहेर काढलं तो शेजारचा एक मुलगा. त्यानं नाव विचारलं नाही, काही नाही. माझ्या तळहातावर दोन गोट्या ठेवल्या आणि गल खणायला बसला. आम्ही आठ-दहा दिवस एकमेकांशी न बोलता गोट्या खेळलो. गोट्यांच्या खेळात बोलावं लागत नाही, गोटी गलात गेली की गेली. मग एक दिवस त्यानं खोटं माप धरलं आणि माझ्या तोंडून "ए, रड्या!" निघालं. माझ्या आईनं ते ओट्यावरून ऐकलं. ती सांगते, माझं घराबाहेरचं पहिलं वाक्य ते.

---

दोन_लेकरांची_माय | ९ जुलै

आमच्याकडेही हेच. वाचतेय.

---

अंगणवाडीताई | ९ जुलै

मी सोलापूरच्या पूर्व भागात अंगणवाडी चालवते, सतरा वर्षं झाली. बहुतेक लेकरांच्या आया बिड्या वळतात. दर जूनमध्ये पंचवीसातली तीन-चार लेकरं अशी येतातच. दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहतात. मी त्यांना आत ये म्हणत नाही. चौकटीपाशीच एक घमेलं पाणी ठेवते, दोन मग, एक गाळणी, एक फुटकी बाटली. आणि मी माझ्या कामाला लागते. पाण्यापुढं कुठलंच लेकरू फार वेळ उभं राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुसरं एखादं लेकरू तिथं येऊन बसतं. मग दोघं शेजारी शेजारी ओतत बसतात. एकमेकांकडं बघत पण नाहीत. बघितलं पाहिजे असा नियम नाही की.

खेळ निवडताना एक बघायचं, त्यात कुणी एकटं पडत नाही ना. मामाचं पत्र हरवलं हा चांगला खेळ आहे, पण त्यात एकजण उठून पळतो आणि बाकीचे बघून ओरडतात. लाजऱ्या लेकराला नुसत्या भीतीनं घाम फुटतो. सुरुवातीला आगगाडी. एकमेकांचा सदरा धरायचा आणि पटांगणाला फेरी मारायची. असल्या लेकराला मी सगळ्यात शेवटचा डबा करते, गार्ड. हातात हिरवं फडकं. त्यानं फडकं हलवल्याशिवाय गाडी हलणार नाही. मागं कुणी नसल्यानं त्याच्याकडं कुणी बघत नाही, आणि तरी सगळी गाडी त्याच्या हातात. एका पोरीनं सव्वा महिना फक्त फडकं हलवलं. मग एक दिवस फडकं सापडेना, तर तीच ओरडली, "थांबा!"

खिचडीच्या वेळी ताटल्या वाटायचं काम पण त्यांनाच देते. प्रत्येकाच्या पुढं जावं लागतं, पण बोलावं लागत नाही. समोरचं लेकरू हात पुढं करतं. दिवसातून पंचवीसदा कुणीतरी आपल्याकडं हात पुढं करतंय, याचा लेकराच्या मनावर परिणाम होतो. मी डोळ्यांनी बघितलंय.

आम्हाला प्रशिक्षणात ताराबाई मोडकांबद्दल सांगितलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन काम सुरू केलं. गरिबांची लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मी लाजऱ्या लेकराच्या बाबतीत तेच धरून चालते. ते आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं. चिमीचं अंगण म्हणजे तुमचं घर. तिथं ती बोलते ना? मग बाग राहू द्या बाजूला. एका मुलीला घरी बोलवा.

शूचं मात्र उद्याच बघा. बाईंना सांगा, ही तोंडानं सांगणार नाही, करंगळी दाखवेल. आणि घरी चपलांच्या शाळेत करंगळीचा खेळ घ्या. आधी चपलेनं दाखवायची, मग चिमीनं. लेकरानं लघवी धरून ठेवणं चांगलं नाही.

---

जुळे_सोलापूर_आई | ९ जुलै

ताई, करंगळीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आज रात्रीच खेळतो. खूप आभार.

---

बालवाणी | १० जुलै

मी लहान मुलांच्या वाणी-भाषा उपचाराचं काम करते. अंगणवाडीताईंनी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आम्हाला पुस्तकातून शिकावं लागतं.

चिमीच्या आई, आधी त्या वाळूच्या ढिगाबद्दल. मिल्ड्रेड पार्टेन यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीतली मुलं तासन्‌तास पाहून १९३२ साली मुलांच्या खेळण्याचे प्रकार मांडले. एकट्यानं खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, मिळून खेळणं. आणि त्यांनी नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं हाही त्यातच धरला. वीस मिनिटं चिमी काहीच करत नव्हती असं तुम्हाला वाटलं. ती डोळ्यांनी खेळत होती. कोण घमेलं देतं, कोण हिसकावतं, कुणाजवळ जागा आहे, हे सगळं ती टिपत होती. नेमक्या त्या वेळी "जा ना" म्हटलं की तिचं बघणं मोडतं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. पुढच्या वेळी तुम्हीच ढिगाच्या कडेला बसा आणि वाळूत बोट फिरवत राहा. ती तुमच्या शेजारी बसली की झालं. एवढ्यावर उठून या.

स्वभावाबद्दल. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडलं. पुढे त्यांतली बरीच मुलं नव्या माणसांपुढे बुजरी निघाली, पण सगळी नाही. मुळातला कल असतो, पण ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे. थॉमस आणि चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांनी अशा मुलांना हळूहळू रुळणारी मुलं म्हटलं. मला हे नाव फार आवडतं. लाजरी म्हटलं की दोष वाटतो, हळूहळू रुळणारी म्हटलं की वेळ द्यावा असं आपोआप वाटतं. तेव्हा तिच्यादेखत "ती लाजते" हे वाक्य घरात बंद. पाहुण्यांनी विचारलं तर "तिला जरा वेळ लागतो, मग मस्त खेळते" एवढंच.

पार्कचौक काकांचं अर्धं म्हणणं मात्र मला पटतं. जपत राहून, कुठेच न नेता भीती जात नाही, वाढते. मूल घाबरलं की आपण उचलून घरी आणतो, त्याला बरं वाटतं, आणि पळालं की बरं वाटतं एवढंच ते शिकतं. माणसांत न्यायचंच आहे. पायरी केवढी ठेवायची एवढाच प्रश्न. गड्डा ही शेवटची पायरी, पहिली नव्हे.

पहिली पायरी म्हणजे एक मूल. तेही चिमीपेक्षा थोडं लहान असलं तर उत्तम. १९७९ साली फरमन, राहे आणि हार्टप यांनी बालवाडीतल्या २४ एकलकोंड्या मुलांवर प्रयोग केला. काहींना वयानं लहान जोडीदार दिला, काहींना बरोबरीचा. प्रत्येकी दहा वेळा, वीस-वीस मिनिटं, दोघांनी फक्त खेळायचं. मोठ्यांनी शिकवायचं काही नाही. महिना-दीड महिन्यात ती मुलं वर्गात जास्त मिसळू लागली, आणि लहान जोडीदार मिळालेल्यांत फरक जास्त दिसला. लहान मुलापुढे बुजऱ्या मुलाला पुढाकार घ्यायची संधी मिळते. समवयस्कांत ती फारशी मिळत नाही.

आता थोडं काळजीचं. मूल घरी मोकळं बोलतं आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्द काढत नाही, याला निवडक मूकता म्हणतात. तो हट्ट नसतो, भीतीनं गळा आवळल्यासारखा होतो. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, म्हणून आज घाबरू नका. पण दिवाळीपर्यंत फरक नसेल तर दाखवून घ्या. आणि इतर वाचणाऱ्या पालकांसाठी: मूल घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, बाहुलीला खोटंखोटं भरवत नसेल, तर ते लाजरेपणात मोडत नाही. आधी कान तपासा, मग विकास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, त्यांना सांगा. वाट बघू नका.

---

विणकराचा_मुलगा | ११ जुलै

बालवाणी ताईंना एक विचारायचंय. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगूच. वडिलांचे माग होते, मी आता दुकानात आहे. माझा मुलगा चार वर्षांचा. घरी अम्माशी एवढं बोलतो की ती कंटाळते. मराठी बालवाडीत घातलं तर अगदी गप्प. आम्हाला पण "लाजाळू" म्हणून सांगितलं. हे तेच का?

---

बालवाणी | ११ जुलै

बहुतेक नाही, दादा. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात. ती भाषा साठवत असतात. आपल्या सोलापुरात हे फार बघते. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, आजोळी कन्नड, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. मुलाला चार भाषा येत असतात आणि शेरा मिळतो "बोलत नाही". फरक ओळखायची एक खूण सांगते. वर्गात तेलुगू बोलणारं मूल भेटलं की तो बोलतो का?

---

विणकराचा_मुलगा | ११ जुलै

बोलतो! डबा खाताना एका मुलाबरोबर बोलतो, आम्ही खिडकीतून बघितलं. शाळेतल्या मावशी पण आमच्याच, त्यांच्याशी पण हळूच बोलतो.

---

अंगणवाडीताई | ११ जुलै

मग काळजी सोडा. माझ्याकडं निम्मी लेकरं तशीच. मी स्वतः चार शब्द शिकून घेतले. "रा, कूचो" म्हटलं की लेकराचा चेहराच बदलतो. बाईंना सांगा, फक्त ये, बस, पाणी एवढं तेलुगूत म्हणा. आणि घरी तेलुगू बंद करू नका, कुणी कितीही सांगू दे. घरची भाषा तोडली तर लेकराची बोलायची एकमेव जागा जाते.

---

पार्कचौक | १२ जुलै

मी सगळं दोनदा वाचलं. होटगी रोड यांच्या निळ्या खुर्चीनं मी अस्वस्थ झालो. माझ्या धाकट्या मुलाला मी स्वतः असंच उभं करायचो. तो आज पुण्यात आहे, घरच्या कार्याला आला की स्वयंपाकघराच्या दारापाशीच बसतो. हे मी आजवर त्या गोष्टीशी जोडलं नव्हतं.

तरी वाड्याबद्दल मी म्हणालो ते मागे घेत नाही. वाड्यात गर्दी होती, पण ती रोजची, ओळखीची होती. मोठी पोरं खेळायची आणि लहानांना कच्चं लिंबू करून घ्यायची. कच्चं लिंबू म्हणजे खेळात आहे, पण बाद होत नाही. दोन-दोन वर्षं पोरगं कच्चं लिंबू राहायचं आणि एक दिवस स्वतःच म्हणायचं, माझ्यावर पण राज्य येऊ द्या. आता फ्लॅटमध्ये ती सोय कुठली?

---

बालवाणी | १२ जुलै

काका, कच्चं लिंबू! आम्ही उपचारात जे मुद्दाम घडवून आणतो ते गल्लीनं एका शब्दात करून ठेवलं होतं. खेळात राहायचं, हरण्याची भीती नाही, आणि पुढे कधी यायचं ते मुलानं ठरवायचं.

---

जुळे_सोलापूर_आई | २८ जुलै

करंगळी जमली! तिसऱ्या दिवशी बाईंना दाखवली. त्यानंतर कपडे एकदाही ओले नाहीत. तिच्या चालण्यातच फरक पडलाय.

पण दुसरी गोष्ट बिघडली. मी उत्साहात रविवारी इमारतीतल्या तीन मुलींना बोलावलं. शिरा केला, फुगे लावले, चिमीची सगळी खेळणी बाहेर काढली. तिघींनी तासाभरात घर डोक्यावर घेतलं. एकीनं चिमीची ती कान तुटलेली बाहुली उचलली, आणि चिमी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायला लागली. मुली गेल्यावर ती माझ्याशीसुद्धा रात्रीपर्यंत बोलली नाही. एकच मूल बोलवा असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. मीच घाई केली.

---

अंगणवाडीताई | २८ जुलै

होतं असं. मनाला लावून घेऊ नका. आता पुन्हा करताना एकच, खालच्या मजल्यावरची एखादी तिच्यापेक्षा लहान. खेळणी नकोत, काम ठेवा. शेंगा फोडायला बसवा दोघींना, मधे परात. टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. चाळीस मिनिटं झाली की रंगात असतानाच उठवा, कंटाळायची वाट बघू नका. आणि चिमीला जे द्यायचं नाही ते आधी तिच्या हातानं कपाटात ठेवायला लावा. लेकराला आपली बाहुली सुरक्षित आहे हे कळलं की बाकीचं ते सोडतं.

---

होटगी_रोड | २८ जुलै

एक माझ्याकडून. दोघी बसल्या की प्रश्न विचारू नका. "काय करतेस? हा कुठला रंग? तिला सांग ना." मला लहानपणी प्रत्येक प्रश्न परीक्षेसारखा वाटायचा. माझी आजी नुसतं जे दिसेल ते बोलायची, "अरे, मोठी शेंग निघाली. यात तीन दाणे." कुणाला उद्देशून नाही. तिच्याजवळ मी सगळ्यात जास्त बोललो.

---

बालवाणी | २९ जुलै

अगदी बरोबर. आणि विचारायचंच झालं तर "हवंय का?" असं नको, त्याला मान हलवून भागतं. "गूळ की खोबरं?" असं विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. आपल्याला ते पाच आकडे फार मोठे वाटतात, तिला तेवढे लागतात.

शाळेसाठीही एक सांगते. बाई तयार असतील तर मुलं यायच्या आधी पंधरा मिनिटं तुम्ही दोघी रिकाम्या वर्गात जा आणि चपलांची शाळा तिथे खेळा. चिमीचा आवाज त्या भिंतींना ओळखीचा होऊ दे. दोन-चार दिवस बाई दारातच काहीतरी आवरत राहतील, तिच्याकडे न बघता. मग हळूहळू जवळ येऊन बसतील, मग एखादी चप्पल स्वतः घेतील. आवाज थांबला तर बाईंनी एक पाऊल मागे. शिवाय भरलेल्या वर्गात शिरणं आणि आपण आधीच बसलेलो असताना वर्ग भरत जाणं, यात अशा मुलांना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

---

विणकराचा_मुलगा | नारळी पौर्णिमेनंतर, ऑगस्ट

आनंदाची गोष्ट सांगायला आलो. मार्कंडेय महामुनींच्या रथाला मुलाला घेऊन गेलो होतो. आधी भीती वाटली, गर्दी म्हणून. म्हणून सकाळी लवकर, रथ सजत असतानाच नेलं, गर्दी व्हायच्या आत. तिथं त्याच्या बालवाडीतला एक मराठी मुलगा भेटला. माझ्या मुलानं त्याला हाताला धरून रथाजवळ नेलं आणि काय काय आहे ते दाखवायला लागला. निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. त्या मुलाला काय कळलं देव जाणे, पण दोघं अर्धा तास तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बालवाडीत दोघं शेजारी बसले. बाई म्हणाल्या, मराठीत पहिला शब्द आला. "सरक."

---

दोन_लेकरांची_माय | सप्टेंबर

मीही शेंगांची परात करून बघितली. आमचा मुलगा शेजारच्या बाळाला दाणे मोजून देतो. बोलत नाही अजून. पण दार वाजलं की आता आत पळत नाही, परात घेऊन येतो.

---

जुळे_सोलापूर_आई | ३ ऑक्टोबर

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, मधे गणपती, मग माझी सहामाही कामं.

खालच्या मजल्यावरची अडीच वर्षांची मुलगी आता दर बुधवारी आणि शनिवारी येते. परातीवरून आम्ही भातुकलीवर आलोय. चिमी तिला भाकरी थापायला शिकवते, "असं नाही, गोल गोल." शाळेत बाईंनी रिकाम्या वर्गाचं मान्य केलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. अकराव्या दिवशी बाईंनी चपला हातात घेऊन "हजर" म्हटलं, तर चिमीनं त्यांना सांगितलं, "हात वर करून म्हणायचं." कुजबुजत, पण सांगितलं. मुलं आल्यावर अजून गप्पच असते. बालवाणी ताई, दिवाळीनंतर दाखवून घ्यायचं आम्ही ठरवलंय, तेव्हा ते आहेच.

काल आमच्या इमारतीत हादगा झाला. पाटावर हत्ती काढला. चिमी फेर धरेल का याचीच मला धाकधूक. सासूबाईंनी एक युक्ती काढली. खिरापत चिमीच्या हातानं केली. शेंगाच्या पोळ्या. तिनं दाण्याचं कूट केलं, गूळ किसला आणि डब्याचं झाकण स्वतः लावलं. सासूबाई म्हणाल्या, "ही फक्त तुला माहिती. कुणाला सांगायची नाही."

फेरात ती सासूबाईंचा आणि खालच्या छोटीचा हात धरून होती. गाणी म्हटली नाहीत, पण फिरली. मग खिरापत ओळखायची वेळ आली तशा सगळ्या मुली तिच्याभोवती जमल्या. डबा तिच्या मांडीवर. "लाडू?" चिमीनं मान हलवली, नाही. "चिवडा?" नाही. "शिरा? करंजी? बर्फी?" नाही, नाही, नाही. दहा-बारा मुली ओरडून विचारतायत आणि ही गप्प, पण ओठ दाबून हसतेय. गप्प राहणं हेच त्या वेळी तिचं काम होतं. तिच्या सगळ्या शांतपणापुढे पहिल्यांदा कुणीतरी वाट बघत थांबलं होतं.

ज्या मुलीनं जुलैमध्ये तिची बाहुली उचलली होती, तिनं विचारलं, "गोड आहे का तिखट? तेवढं तरी सांग की गं."

चिमीनं थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग झाकण बोटभर उघडून डबा तिच्या नाकाजवळ धरला.

"शेंगाची पोळी!" ती किंचाळली.

चिमी एवढ्या मोठ्यानं हसली की वरच्या मजल्यावरून काकू बघायला आल्या. पोळ्या तिनंच वाटल्या, ताटल्या घेऊन प्रत्येकीपुढे गेली. अंगणवाडीताई, तुमची आठवण आली. आज ती बाहुलीवाली मुलगी पाच वाजता येते म्हणालीय. चिमीनं सकाळीच बाहुली कपाटातून काढून पलंगावर बसवून ठेवली आहे.